फुलाबाईचं कथील

पासली गावाच्या वरच्या अंगाला भाताची खाचरं संपतात आणि नुसता कातळ नि करवंदीच्या जाळ्या लागतात. तिथं धनगरांची थोडकी खोपटं होती. पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, तेव्हा गेनूची बायको म्हणून फुलाबाई त्या वाडीवर नांदायला आली. दिसायला बेताची, हाडापेरानं किरकोळ. सासूनं बघितलं आणि म्हणाली, हिला वारा आला तर धरून ठेवायला माणूस लागंल. पण फुलाबाईचे कान तिखट. पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर शेरडं चरत असली, तर कुठलं शेरडू खोकतंय ते ही इकडं चुलीपुढं बसून सांगायची. सासू मग गप्प झाली. धनगराच्या घरात कानाला रूपापेक्षा जास्त मोल.

गेनू स्वभावानं गरीब होता. थोरला भाऊ हैबती घरचा कारभारी. शेरडं सगळी एकत्र चरायची, एकाच वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात, बसायची, आणि ओळखीसाठी कानाला मारलेली खाचही एकच, घराची. अमकी माझी नि तमकी तुझी असं बोलायची रीतच नव्हती. भाऊ भाऊ असतात तोवर ती रीत गोड वाटते.

गेनू आठवड्याच्या बाजारी डोंगर उतरून भोरला जायचा. तेव्हा भोर म्हणजे संस्थान, आपल्या मुलखापेक्षा निराळं, तिथं राजा निराळा नि कायदा निराळा. भोरच्या एका शास्त्रीबुवांकडं वैद्यकी होती. त्यांना शेळीचं दूध लागायचं आणि डोंगरातला पाला लागायचा. आघाडा, अडुळसा, कोरफड, काय काय. गेनू भारा बांधून न्यायचा, आणि फुलाबाई डोक्यावर दुसरा भारा घेऊन मागं. असं जाता जाता तिला तिथलं काम लागलं.

काम होतं कथलाचं. कथील म्हणजे भांड्याला कल्हई करतात ते. शास्त्रीबुवा त्याचं भस्म करायचे आणि ते मोठ्या मोठ्या माणसांना मधातून द्यायचे. कुणाला लघवीची तक्रार, कुणाला धातूची, कुणाला पोटात जंत. धातूच्या तक्रारीवाले मागच्या दारानं यायचे, एवढं फुलाबाईच्या ध्यानात आलं होतं. ती घरी आल्यावर सांगायची की पागोटी बघून वाटतं काय रुबाब, आणि पुडी मागताना आवाज बघा, उंदराचा.

आता ते भस्म करणं म्हणजे नुसतं जाळणं नव्हे. लोखंडी कढईत कथील ठेवलं की ते लोण्यासारखं वितळतं, दिसायला आरशागत. मग ते तेलात ओतायचं, ताकात ओतायचं, गोमूत्रात, कुळथाच्या कढणात, आणि दर वेळेला परत वितळवायचं. ओतताना भांड्यावर भोक पाडलेलं झाकण हवं, कारण ताकाला गरम कथील लागलं की ते बंदुकीसारखं उडतं. फुलाबाईच्या मनगटावर तसले पांढरे चट्टे होते. ते झालं की मग खरी मेहनत. कढईखाली जाळ, आणि वितळलेल्या कथलात वाळल्या आघाड्याची पूड चिमूट चिमूट टाकत लोखंडी पळीनं घोटत राहायचं. दिवस जातो. हळूहळू त्या आरशाचा चुरा होतो, चुऱ्याची राख होते. ती धुवायची, कोरफडीच्या रसात मळायची, तिच्या चकत्या करून दोन परळांमधे, मातीच्या पसरट ताटल्यांमधे, घालायच्या, वरून कापडमाती लिंपायची आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजायच्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तेव्हा कुठं ते पांढरं, मऊ भस्म व्हायचं.

जाळापाशी बसायला शास्त्रीबुवांच्या घरातलं कोणी धजत नसे. फुलाबाई बसायची. पण गंमत बघा. कढईत राख होईपर्यंत तिच्या हाताचं चालायचं, आणि भस्म होऊन बरणीत गेलं की त्या बरणीला तिनं हात लावायचा नाही. शेजारपाजारच्या बायका शास्त्रीबुवांना विचारायच्या, की धनगरणीच्या हातचं औषध तुम्ही देता कसं. तेव्हा बुवा म्हणायचे, अहो, अग्नी आहे. अग्नीतून गेलं की कुठलाही दोष उरत नाही, मग तो हाताचा असो की धातूचा. फुलाबाई तिथंच पळी घोटत असायची. तिला राग आला नाही. उलट तिनं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं, शिकलेल्या माणसाचं बोलणं म्हणून.

बुवांना उतारवयात कमी ऐकू यायला लागलं, आणि तिथं फुलाबाईच्या कानांना काम मिळालं. चांगलं कथील असेल तर त्याची कांब कानापाशी धरून वाकवली की ती आतून कुरकुरते, बारीक रडल्यागत. भेसळीचं असलं तर मुकं राहतं. पुण्याहून माल आला की बुवा कांब तिच्या हातात द्यायचे आणि तोंडाकडं बघायचे. ती म्हणायची, रडतंय. की बुवा खूष.

परळांना जे चिकटून राहायचं ते खरवडून घ्यायला तिला मुभा होती. भांडी घासायला ने, म्हणायचे. तिनं भांडी घासली नाहीत. एका वर्षी पावसात वाडीवरच्या करडांची पोटं डेऱ्यासारखी झाली होती, लेंड्यांमधून जंतांच्या पांढऱ्या पट्ट्या पडत होत्या, आणि करडं उभ्या उभ्या वाळत होती. फुलाबाईनं ती खरवड गुळात घातली. हैबतीनं अडवलं नाही, पण रीत पाळायला लावली. त्या वाडीवर रीत अशी होती की जनावराला नवं औषध द्यायचं तर देणाऱ्यानं ते आधी सगळ्यांदेखत स्वतः चाटायचं. फुलाबाईनं चाटलं. मग करडांना चारलं. दोन-तीन दिवसांत जंत पडले, पोटं उतरली, आणि करडं आईच्या मागं उड्या मारायला लागली.

तेव्हापासून दर पावसाळा सरला की फुलाबाईचं औषध ठरलेलं. करडं मरायची थांबली म्हणजे शेरडं वाढायला कितीसा वेळ लागतो? वाडगं मोठं करावं लागलं. हैबती बाजारात उभा राहिला की खाटीक त्याला राम राम घालायला लागले. औषध कुणाचं असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, आमच्या घरचं.

मग गेनू हिवतापानं गेला. मूलबाळ नव्हतं. अशा बाईला एक लुगडं देऊन माहेरी पोचवायची, ही चाल. फुलाबाईच्या माहेरी पोचवून घ्यायला कोणी उरलं नव्हतं, पण चाल ती चाल. बाराव्याचं जेवण झालं आणि हैबतीनं विषय काढला. त्यांच्यात थोरला दीर भावजयीशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून तो बायकोकडं तोंड करून बोलला. त्याच्या बायकोचं नाव भागूबाई.

"सांग तिला. गेनूच्या वाट्याची शेरडं हायती, म्या न्हाई म्हणत न्हाई. औषध करत ऱ्हायली तर ती आमच्यासंगं चरत्याल, तिला दूध-करडू मिळंल. औषध न्हाई, तर मग हितं तिचं काय काम?"

भागूबाईला सांगायची गरजच नव्हती. फुलाबाई हातभर अंतरावर बसली होती. तिनं मान डोलावली. जगायला एक जागा आणि आपली म्हणायला शेरडं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते त्या कढईवर येऊन टेकलं होतं. कुठली शेरडं तिची, किती, हे कुणी बोललं नाही. तिनंही विचारलं नाही. कानाला खाच तर एकच होती.

पुढं शास्त्रीबुवा वारले. त्यांची मुलं पुण्याला नोकरीवर होती, त्यांनी बरण्या फोडल्या आणि कढई अडगळीत टाकली. फुलाबाईनं ती मागून घेतली, डोक्यावर घालून डोंगर चढली, आणि वाडीवरच खोपटामागं खड्डा खणून भस्म करायला लागली. मध विकायचा, हिरडा विकायचा, आणि वर्षाकाठी कथलाची एखादी कांब आणायची. कांब विकत घेताना ती दुकानातच कानापाशी वाकवायची. दुकानदार हसायचा. म्हणायचा, बाई कथलाशी गुज करतीय. ती म्हणायची, माणसांपेक्षा बरं बोलतं.

अशी बरीच वर्षं बरी गेली. कधी करडू लंगडलं, कधी बिबट्यानं बोकड नेला, एवढंच. भागूबाई नि तिच्यात कुरबुरी व्हायच्या. मीठ कुणी जास्त घेतलं, सरपण कुणी जाळलं. पण पावसाळा सरला की भागूबाई स्वतःहून गोवऱ्या थापून द्यायची. औषधाशिवाय घर चालत नाही हे तिला ठाऊक होतं.

मग दुसरी लढाई आली. वाडीवर लढाई म्हणजे काय, तर साखर महाग, कापड महाग, घासलेट मिळेना. एका वर्षी फुलाबाई भोरच्या बाजारात गेली तर कथीलच नाही. या दुकानी नाही, त्या दुकानी नाही. दुकानदार म्हणाला, ते समुद्रापलीकडनं यायचं आणि तो मुलूख शत्रूनं घेतला. जे उरलंय ते सरकार उचलतंय. कल्हईवालेसुद्धा धंदा सोडून बसले होते. लोकांच्या पितळी कळकायला लागल्या होत्या, आमटी हिरवी पडत होती. फुलाबाई रिकाम्या हातानं परत आली. घरात एक तुकडा होता, त्यावर एक पावसाळा निभला.

पुढचा पाऊस सरता सरेना. गवत ओलं, वाडगं ओलं, करडं ओली. पुन्हा पोटं फुगली, पुन्हा पांढऱ्या पट्ट्या पडायला लागल्या. हैबती वाडग्यापाशी उभा राहून शेळ्यांना ऐकवायचा की काही लोक फुकटचं दूध पितात. शेळ्यांना ते कळत नसलं तरी ज्याला कळायचं त्याला कळत होतं. भागूबाईनं एकदा पाणी भरताना सरळच सांगितलं, की गेनूच्या नावाचं लुगडं आणायचं बोलणं परत सुरू झालंय.

फुलाबाई दुसऱ्या दिवशी भोरला गेली. बाजाराच्या टोकाला सोनबा म्हणून एक कारागीर बसायचा. घासलेटच्या रिकाम्या डब्यांच्या चिमण्या करायचा, फुटक्या बादल्यांना डाक द्यायचा. डाक म्हणजे डबे सांधायला वापरतात ती, वितळणारी. त्याच्यापाशी जुन्या डब्यांच्या सांध्यांतून वितळवून काढलेल्या डाकेचे गोळे होते. फुलाबाईनं विचारलं, हे काय. तो म्हणाला, कथीलच.

"निव्वळ?"

"निव्वळ कुठनं आणू? हाय त्यात शिसं थोडं. पर चमक बघा की."

तिनं पाटीतून एक गोळा उचलला. सोनबाकडून तो ठोकून लांब करून घेतला आणि कानापाशी नेऊन वाकवला. काही नाही. परत वाकवला. बाजाराचा गलका होता, म्हणून ती देवळाच्या मागं गेली, तिथं शांत होतं. तिथंही तो मुकाच राहिला.

ती तिथं किती वेळ बसली असेल कोण जाणे. तिला कळत होतं की हे बरोबर नाही. पण कळण्यापुढं दुसरंही होतं. शास्त्रीबुवा शिशाचंही भस्म करायचे, ते तिनं पाहिलं होतं. म्हणजे शिसं काही औषधाबाहेरचं नव्हे. आणि अग्नीतून गेलं की धातूचा कुठलाही दोष उरत नाही हे तर बुवा ज्याला त्याला सांगायचे. तिच्या हाताचा दोष जर त्या जाळात जात होता, आणि बड्या घरची माणसं ते औषध निमूट खात होती, तर मूठभर शिशाचा दोष का जाणार नाही? तिनं स्वतःला असं समजावलं. आणि समजावलं नसतं तरी तिला डोंगर चढून रिकाम्या हातानं कुठं जायचं होतं? मधाचं गाडगं सोनबाला देऊन तिनं डाक घेतली.

काम मात्र तिनं चोख केलं. कुठं काटकसर नाही. तेलात, ताकात, गोमूत्रात, कुळथाच्या कढणात, सगळं बुवांच्या अंगणात व्हायचं तसं. उलट ताकात तर दुप्पट वेळा ओतलं, दोष जास्त असेल म्हणून. आघाडा ताजा वाळवलेला. घोटताना हाताला फोड आले. भाजण्याही जास्त दिल्या. भस्म निघालं ते नेहमीसारखं पांढरं नव्हतं, जरा पिवळसर होतं. ती म्हणाली, गोवऱ्या ओल्या होत्या. मग तिनं परीक्षा घेतली. चिमूट बोटात चोळली तर बोटाच्या रेघांत जाऊन बसली. पाण्यावर टाकली तर तरंगली. बुवांच्या दोन्ही परीक्षांना उतरलं. त्या परीक्षा राख किती बारीक झाली ते सांगतात, राख कशाची झाली ते सांगत नाहीत. हे तिला कोण सांगणार? ते बुवांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आणखी एक झालं. ती माप म्हणून एक शिंपली वापरायची, एका करडाला निम्मी शिंपली. या वेळेला शिंपली हाताला जड लागली. तिला बरं वाटलं. जड आहे म्हणजे गुणाला येणार, असं ती भागूबाईला म्हणाली. जी करडं फारच खंगली होती त्यांना तिनं मायेनं शिंपली भरून दिली.

चाटायची रीत होतीच. सगळे जमले. वाडीवरचा म्हातारा कोंडिबाही काठी टेकत आला. फुलाबाईनं बोटावर घेतलं, जिभेला लावलं. गोडसर लागलं. एरवी भस्माला चव नसते. ती क्षणभर थांबली. भागूबाई बघत होती, हैबती शेळ्यांकडं बघत होता, करडं ओरडत होती. फुलाबाईनं गिळलं आणि म्हणाली, चारा.

दोन दिवस काही वाईट झालं नाही. जंतही पडले काही. हैबती बायकोला म्हणाला की उद्या तिला दूध जरा जास्त दे. तिसऱ्या दिवशी करडांनी पाला तोंडाला लावला नाही. दात खायला लागली, करकर असा आवाज वाडगंभर. फुलाबाईनं तो आवाज खोपटात झोपल्या जागी ऐकला आणि ती उठून बसली. सकाळी बघितलं तर करडं आईला ओळखत नव्हती. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. कुंपणाच्या काट्यांत डोकं खुपसून ढकलत उभी राहायची, जशी काही पलीकडं जायची वाट आहे. ती त्यांना ओढून काढायची, ती परत जायची. मायेनं भरून दिलेली आधी गेली. मग बाकीची. काही वाचली, ज्यांना भागूबाईच्या हातून कमी गेलं होतं ती.

ताक पाजलं, तूप पाजलं, देवाला नारळ ठेवला. फुलाबाई एकेक करडू मांडीवर घेऊन बसायची. तिचं स्वतःचं पोट पिळवटत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? ते तिच्या जिवावरचं नव्हतं, आणि ज्यांच्या जिवावरचं होतं ती समोर तडफडत होती.

मेलेली करडं पुरून झाली त्या संध्याकाळी हैबतीनं कोंडिबाला आणि वाडीवरच्या दोघा-चौघांना आंब्याखाली बोलावलं. फुलाबाईनं काही लपवलं नाही. कथील मिळालं नाही, डाक आणली, त्यात शिसं होतं, कांब वाकवली तर बोलली नाही, हे सगळं सांगितलं. कुणाला त्यातलं फारसं कळलं नाही. कोंडिबानं एवढंच विचारलं की चाटलं होतंस ना. ती म्हणाली, चाटलं. म्हातारा म्हणाला, मग तिनं रीत मोडली नाही. हैबती म्हणाला, नाहीच मोडली, मी कुठं म्हणतो. मी दंड मागत नाही, पंचांना जेवण मागत नाही. त्याचा आवाज अगदी मऊ होता. मग तो आंब्याच्या बुंध्याकडं तोंड करून बोलला.

"येवढंच की मेलेली करडं, नि त्यांच्या मागं आटलेल्या शेळ्या, ह्या गेनूच्या वाट्यातल्या धराव्या. औषध तिचं, तर तोटा बी तिचाच. जी जगली ती माझी."

कानांवर खाच एकच होती, तेव्हा कुठलं करडू कुणाचं हे मेल्यावर ठरवायला सोपं होतं. फुलाबाईनं कोंडिबाकडं बघितलं. म्हातारा काठीनं माती उकरत होता. मग तिनं विचारलं, आणि हा प्रश्न तिनं चालीला न जुमानता सरळ हैबतीला विचारला.

"भावजी, इतकी वर्सं जी करडं माझ्या औषधानं जगली, ती कुणाच्या वाट्यात धरली?"

हैबतीनं बायकोकडं बघितलं. म्हणजे बायकोनं उत्तर द्यावं असं. भागूबाई म्हणाली, जेवायचं थांबलंय सगळं, उठा आता.

आटलेल्या शेळ्या गेनूच्या म्हणून धरल्या खऱ्या, पण त्याही फुलाबाईच्या हाती आल्या नाहीत. आटलेली शेळी ठेवून बाई काय करणार, असं म्हणून हैबतीनं त्या खाटकाला दिल्या. फुलाबाईला लुगडं मिळालं. हिरवट रंगाचं होतं, लढाईच्या दिवसांत कापड मिळत नसताना आणलेलं. हैबती ते पुढं कितीदा तरी बोलून दाखवायचा.

माहेर नव्हतं म्हणून ती खाली पासलीत उतरली. एका कुणब्याच्या गोठ्याला लागून पडवी होती, तिथं राहिली. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या खाचरात इरलं पांघरून भाताची लावणी करायची, दिवाळीपुढं कापणी, उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपाची जमीन, भाजायला पाला तोडायचा. शेरडाच्या अंगाचा वास ज्या बाईच्या लुगड्याला इतकी वर्षं होता, ती चिखलात पाय बुडवून उभी राहिली. ती डाक घोटल्यापासून उजव्या हाताची बोटं तिला पहिल्यासारखी उचलता येत नव्हती. लावणीत ती मागं पडायची. पासलीच्या बाया कुजकटपणानं म्हणायच्या, धनगरीण हाय, रोपाचं शेपूट शोधतीय. ती हसायची. हसण्यानं मजुरी तुटत नाही.

लढाई संपली. पुढच्या वर्षी बाजारात कथील परत दिसायला लागलं. कल्हईवाले भाते घेऊन गावोगाव फिरायला लागले. तो पाऊस पुन्हा लांबला, आणि भाद्रपद सरता सरता भागूबाई पासलीत उतरली. पडवीच्या दाराशी येऊन बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. कोंडिबा गेला, अमकीला मुलगी झाली, बिबट्या परत आलाय. मग पदरातून काढून तिनं कथलाची कांब समोर ठेवली. नवी होती.

फुलाबाईनं तिला हात लावला नाही.

"त्यांनी पाठवलंय?" तिनं विचारलं.

"करडांची पोटं बघवत न्हाईत, फुले. त्यांनीच म्हटलं, तिला वर बोलीव. म्हनं, झालं गेलं."

"झालं त्यांचं. गेलं माझं."

"आता तू तसंच बोलनार. म्या काय करू?"

"औषध करते. पर आदी गेनूच्या वाट्याची शेरडं निराळी काढा. त्यांच्या कानाला निराळी खाच मारा, माझी. पंचांदेखत. मग कढई चढवते."

गोठ्यात म्हैस पाय आपटत होती. फुलाबाईला वाटलं, ही आता रागावणार, आजवर केलेलं सगळं काढणार. पण भागूबाई हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

"खाच मागतीस? आगं, चाळीस वर्सं त्या वाडग्यात शेण काढतीय म्या. पोरं दिली त्या घराला. माझ्या तरी नावाचा एक कान हाय का तिथं?"

हे फुलाबाईच्या कधी मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं ती भागूबाईला धनीण समजत होती, दाराआडून तिच्या दुधाच्या भांड्याकडं बघत होती. आता ती समोर बसली होती, केस पांढरे, नखांत शेण, आणि हातात नवऱ्यानं पाठवलेली कांब.

"मग तू बी माग," फुलाबाई म्हणाली. "दोघींच्या खाचा. म्हनावं, तवाच औषध."

भागूबाईनं तिच्याकडं असं बघितलं जसं कोणी करडाला पंख लाव म्हणावं. फुलाबाईनं गूळपाणी दिलं, ते तिनं घेतलं. मग कांब परत पदरात बांधली. ती बांधताना म्हणाली की विचारून बघते. उंबऱ्याबाहेर गेल्यावर म्हणाली की उशीर झाला, चढ आहे. आणि चालायला लागली.

तिनं विचारलं की नाही, कधी कळलं नाही. मधे एक-दोनदा फुलाबाई वाडीच्या वाटेकडं बघत लावलेल्या भाताच्या बांधावर उभी राहिली, असं पासलीच्या बाया सांगायच्या. कढई तिनं घासून ठेवली होती. करडांचं तिला वाईट वाटत होतं, करडांनी कुणाचा वाटा खाल्ला नव्हता. एकदा तर तिनं वाटेला पायही लावला आणि ओढ्यापर्यंत जाऊन परत आली. परत येऊन ज्या खाचरात काम होतं तिथं निंदायला बसली.

वरून कोणी आलं नाही. दसऱ्यापर्यंत हैबतीच्या वाडग्यातली निम्म्याच्या वर करडं जंतानं गेली. त्या वेळी पंच जमले नाहीत, कोणाला दोष दिला गेला नाही, आंब्याच्या बुंध्याकडं तोंड करून कोणी बोललं नाही. मेलेली करडं आता फुलाबाईच्या वाट्यात धरता येत नव्हती.